वरातीमागून घोडागाड्या

१५ एप्रिल १८६८. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं काँकर्ड नावाचं गाव. तिथून एक मालगाडी सुटली आणि तिच्यावर लादल्या होत्या घोडागाड्या! एक-दोन नाही, चांगल्या तीस. पंधरा उघड्या सपाट वाघिणी, प्रत्येकीवर दोन-दोन गाड्या. शिवाय चार बंद डबे. त्यांत घोड्यांचा साज (चार घोड्यांचा एक असे साठ संच) आणि दुरुस्तीचे सुटे भाग. सगळा मिळून ४५,००० डॉलरचा माल. बनवणारे अ‍ॅबट-डाउनिंग, घेणारे वेल्स फार्गो, पाठवायचं ठिकाण ओमाहा. कारखान्यात गाड्यांवर नक्षी रंगवणाऱ्या जॉन बर्गमने या मालगाडीचं चित्रसुद्धा काढून ठेवलं आहे.

आता यातली गंमत. या गाड्या ओमाहाच्या पुढे पश्चिमेला प्रवासी आणि टपाल न्यायला घेतल्या होत्या. आणि नेमका त्याच रस्त्यावर रेल्वेचा रूळ टाकायचं काम जोरात चालू होतं. १० मे १८६९ ला युटामधल्या प्रॉमॉन्टरीला दोन्ही बाजूंचे रूळ एकमेकांना भिडले आणि अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेल्वेचा रस्ता जोडला गेला. म्हणजे ऑर्डर पोचल्यावर जेमतेम तेरा महिन्यांत. थोडक्यात काय, घोडागाड्यांना त्यांच्या मारेकऱ्यानेच स्वतःच्या पाठीवर बसवून कामावर नेऊन सोडलं!

हा किस्सा कुणालाही सांगा, लोक हसतात. 'वरातीमागून घोडं' ही म्हण आपल्याकडे आहेच. एखाद्या प्रेझेंटेशनमध्ये 'बदलत्या काळाचं भान नसलं की काय होतं' या स्लाईडवर हे चित्र अगदी शोभून दिसेल. पुढच्या स्लाईडवर कोडॅक, त्याच्या पुढच्या स्लाईडवर नोकिया, मग चहा. :)

पण मला हा विनोद पटत नाही. ही ऑर्डर मूर्खपणाची नव्हती असं माझं मत आहे. मूर्खपणा झाला होता, पण तो दुसरीकडे. आणि ही दोन्ही वाक्यं आज आमच्या धंद्यात (म्हणजे सॉफ्टवेअरच्या) काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा शांतपणे तपासून बघावीत.

आधी जरा त्या गाडीबद्दल. काँकर्ड कोच ही त्या काळातली अफलातून वस्तू होती. लुईस डाउनिंग आणि स्टीफन अ‍ॅबट या दोघांनी १८२७ मध्ये पहिली गाडी बनवली. वजन साधारण टनभर किंवा थोडं जास्त. सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे तिला पोलादी स्प्रिंगा नव्हत्या. बैलाच्या जाड कातड्याचे थरावर थर देऊन केलेले दोन लांब पट्टे, आणि त्यांच्यावर गाडीचा सांगाडा टांगलेला. खड्डा आला की गाडी आपटायची नाही, पाळण्यासारखी पुढेमागे झुलायची. त्यामुळे प्रवाशांची हाडं वाचायचीच, पण धक्का घोड्यांच्या खांद्यावर जायचा तोही कमी व्हायचा. शिवाय स्प्रिंग तुटली तर ओसाड माळावर लोहार कुठून आणणार? चामडं कुठेही मिळतं, आणि शिवता कुणालाही येतं. चाकांचं लाकूड इतकं मुरवलेलं असायचं की पश्चिमेच्या कोरड्या हवेत ते आकसून चाक खिळखिळं व्हायचं नाही.

जिथे दुरुस्ती होऊ शकणार नाही तिथलं डिझाईन कसं असावं, याचा हा धडाच आहे. ऑस्ट्रेलियातल्या कॉब अँड कंपनीची गोष्ट तीच. फ्रीमन कॉब आणि त्याचे अमेरिकन भागीदार यांनी ३० जानेवारी १८५४ ला मेलबर्नहून सोन्याच्या खाणींकडे पहिली गाडी सोडली, ती याच जातीची. अमेरिकेतून जहाजाने मागवलेली.

पण लांबवर पाठवायला ही वस्तू महा अवघड. कारण घोडागाडी म्हणजे मुख्यतः हवा! तीस गाड्या आणि पंधरा वाघिणी हा हिशोब पुन्हा बघा. त्या काळची वाघीण साधारण दहा टन माल घ्यायची. तिच्यावर दोन गाड्या म्हणजे दोन-अडीच टन. उरलेलं सगळं भाडं चाकांच्या आऱ्यांमधल्या आणि सीटांवरच्या रिकाम्या जागेचं. आज कुरियरवाला खोकं वजन काट्यावर ठेवतो आणि मग टेप काढून लांबी-रुंदी-उंचीही मोजतो, ते याच कारणासाठी. हलकं पण अवाढव्य असलेलं सामान पाठवणं सगळ्यात महाग.

मग चाकंच काढून ठेवली तर? हा विचार पुढे माल्कम मॅक्लीनने केला. त्याचा धंदा ट्रकचा. आधी त्याचा बेत होता की मालाचे अख्खे ट्रेलर चाकांसकट जहाजावर चढवायचे. मग लक्षात आलं, चाकं फुकट जागा खातात. म्हणून त्याने नुसती पेटी उचलली. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं आणि कंटेनरचं युग सुरू झालं. सुटा माल हमालांकरवी जहाजावर चढवायला तेव्हा टनामागे सहा डॉलरच्या आसपास खर्च यायचा, मॅक्लीनच्या पद्धतीने तो सोळा सेंट्सच्या घरात आला असा हिशोब सांगतात. समुद्र तोच, अंतर तेच. महाग होती ती मधली चढउतार.

म्हणजे चाकं काढणं हे कायमचं बरोबर उत्तर का? तर नाही. आपल्या कोकण रेल्वेचं उदाहरण घ्या. १९९९ पासून तिथे रो-रो सेवा आहे. भरलेला ट्रक, चाकांसकट, ड्रायव्हर-क्लीनरसकट, सपाट वाघिणीवर चढतो. कोलाडला चढला की गोव्यात वेर्ण्याला उतरतो आणि तसाच चालू पडतो. घाट नाही, खड्डे नाहीत, डिझेल नाही. २०२५ च्या गणपतीच्या तोंडावर कोकण रेल्वेने मोटारींसाठीही ही सोय सुरू केली. इथे वाघिणीवरून चाकंही जातायत, म्हणजे हवाही जातेय, तरी परवडतं. कारण माल रेल्वेच्या डब्यात भरायचा आणि उतरल्यावर पुन्हा दुसऱ्या ट्रकमध्ये भरायचा तर दोनदा चढउतार आली.

थोडक्यात, चाकं ठेवायची की काढायची हे पलीकडच्या टोकाला काय आहे त्यावर ठरतं. तिकडे क्रेन आणि दुसरा ट्रक उभा असेल तर नुसती पेटी पाठवा. तिकडे काहीच नसेल तर चाकं सोबत न्या.

१८६८ मध्ये पलीकडच्या टोकाला काय होतं? काहीच नव्हतं! ओमाहाला मिसूरी नदीवर रेल्वेचा पूलसुद्धा नव्हता, तो १८७२ मध्ये झाला. तोवर पूर्वेकडून आलेली प्रत्येक गोष्ट नदीवर अडायची आणि नावेतून पलीकडे जायची. ओमाहाहून निघालेला युनियन पॅसिफिकचा रूळ त्या एप्रिलमध्ये वायोमिंगच्या डोंगरावर पोचला होता. कॅलिफोर्नियाहून येणारा सेंट्रल पॅसिफिकचा रूळ सिएरा नेवाडा ओलांडायच्या खटपटीत होता. मधे साधारण हजार मैलांची पोकळी. हजार मैल! म्हणजे मुंबईहून दिल्लीच्याही पुढे. आणि या पोकळीत प्रवासी होते, टपाल होतं, सोनं होतं. रेल्वे पुढच्या वर्षी येणार आहे हे खरं, म्हणून यावर्षीच्या लोकांनी जागच्या जागी बसून राहायचं का?

तीस गाड्या या पोकळीसाठी होत्या. पोकळी रोज आक्रसत होती, पण जोवर होती तोवर तिथे दुसरं काहीच चालत नव्हतं. म्हणून म्हणतो, ऑर्डर मूर्खपणाची नव्हती.

आमच्या धंद्यात याला 'लिफ्ट अँड शिफ्ट' म्हणतात. बारा वर्षांपूर्वीचं एक जावा अ‍ॅप्लिकेशन असतं. ते लिहिणारे सगळे केव्हाच कंपनी सोडून गेलेले. त्याला जावाची जुनीच आवृत्ती लागते. हात लावला की कुठेतरी काहीतरी मोडतं. मग काय करतात, तर ते आहे तसं कंटेनरमध्ये भरतात आणि क्लाऊडवर नेऊन ठेवतात. (२०१३ मध्ये आलेल्या डॉकरने हा शब्दच मुळी जहाजाच्या कंटेनरवरून लोकप्रिय केला, त्याच्या लोगोतला देवमासा पाठीवर पेट्या घेऊन पोहतोय.) आर्किटेक्ट मंडळी यावर नाकं मुरडतात. म्हणतात, हे काय आधुनिकीकरण झालं? घोडागाडी रेल्वेवर चढवलीत नुसती!

हो, चढवली. आणि पोकळी किती मैलांची आहे हे माहीत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग ते चार बंद डबे विसरायचे नाहीत. साठ साज आणि सुटे भाग. काँकर्डवाल्यांना माहीत होतं की तीस गाड्या पाठवल्या पण एक पट्टा तुटल्यावर तिकडे बदलीला दुसरा नसेल, तर तीसच्या एकोणतीस व्हायला वेळ लागत नाही. आमच्याकडे लिफ्ट अँड शिफ्ट फसतं ते बहुतेक वेळा इथेच. गाडी जाते, साज मागे राहतो. कुठली जुनी लायब्ररी लागते, रात्री दोन वाजता कुठला जॉब चालतो, तो अडकला तर कुणाला उठवायचं, यातलं काहीच सोबत जात नाही.

आता एक मजेशीर गोष्ट. त्या मालगाडीत साठ साज होते, म्हणजे दोनशे चाळीस घोड्यांची तयारी. पण यादीत घोडा एकही नाही! कारण घोडा लांब जायचाच नाही. गाडी हजार मैल जायची, घोडा दहा-पंधरा मैल. पुढच्या ठाण्यावर ताजे घोडे तयार, हे सोडा, ते जुंपा, चला. इंग्रजीत त्या गाडीला 'स्टेज'कोच म्हणतात तो हाच टप्पा. आपल्या गावाकडची टप्पा वाहतूक शब्दशः! इंटरनेटवर डेटाची पाकिटं एका राऊटरवरून दुसऱ्या राऊटरवर उड्या मारत जातात, तो प्रकार दीडशे वर्षांपूर्वी घोड्यांवर चालू होता. कुठल्याच राऊटरला पूर्ण रस्ता माहीत नसतो, तसं कुठल्याच घोड्याने कधी कॅलिफोर्निया बघितलं नाही.

बरं, मग मूर्खपणा कुठे झाला?

तो दोन वर्षं आधी. १८६६ मध्ये वेल्स फार्गोने बेन हॉलिडे नावाच्या बड्या माणसाचा घोडागाड्यांचा अख्खा धंदा विकत घेतला. १५ लाख डॉलर रोख, वर शेअर्स. हिशोब असा की रेल्वे जोडली जायला अजून बरीच वर्षं आहेत, तोवर पैसे वसूल होतील. रेल्वे तीन वर्षांच्या आत आली. हॉलिडेने मात्र बरोबर वेळेला अंग काढून घेतलं. टांगा पलटी, घोडे फरार!

तीस गाड्या घेणं म्हणजे या वर्षीचा खर्च भागवणं. अख्खा धंदा घेणं म्हणजे पोकळी कायम राहणार यावर पैज लावणं. दोन्हींत फरक आहे. पहिली गोष्ट बिनधास्त करावी, दुसरी करताना शंभरदा विचार करावा.

आणि दुसरी चूक त्याहून मोठी. गाडी सांभाळण्याच्या नादात ते पेटीकडे बघायचंच विसरले. वेल्स फार्गोची खरी ताकद घोडागाडीत नव्हती. ती होती ड्रायव्हरच्या पायाखालच्या हिरव्या लाकडी पेटीत. सोनं, पैसे, महत्त्वाची कागदपत्रं. लोक त्यांच्याकडे यायचे ते 'यांच्याकडे दिलं की पोचतं' या विश्वासाने. पेटी घोडागाडीतून जाते की रेल्वेतून, याच्याशी गिऱ्हाइकाला काय घेणं? पण रेल्वेतून पेटी न्यायचा करार दुसऱ्याच लोकांनी आधी मिळवला. लॉइड टेव्हिस आणि मंडळींनी नवी कंपनी काढून सेंट्रल पॅसिफिकवर तो हक्क घेऊन ठेवला होता. ऑक्टोबर १८६९ मध्ये बैठक झाली, आणि कुठे तर ओमाहाला! वेल्स फार्गोने भांडवल वाढवून कंपनीचा एक तृतीयांश हिस्सा टेव्हिसच्या गटाला दिला आणि त्या बदल्यात आपली पेटी रेल्वेत चढवली. घोडागाड्यांचा धंदा विकून टाकला. कंपनी वाचली, नाव आजही आहे. पण जी जागा १८६६ मध्ये बहुधा स्वस्तात मिळाली असती तिची किंमत १८६९ मध्ये एक तृतीयांश कंपनी झाली.

इथे माझं मत थेट सांगतो. एआय आल्यापासून आमच्या कँटीनमध्ये रोज एकच चर्चा. कुठली भाषा शिकू, कुठलं सर्टिफिकेट करू, कुठलं फ्रेमवर्क मेलं. या सगळ्या गाड्या आहेत. कुठली गाडी घ्यायची यावर जितका वेळ घालवतो त्याच्या दहावा हिस्साही आपण 'माझी पेटी कुठली' यावर घालवत नाही. बँकेच्या सिस्टीमवर काम करणाऱ्याला जर हे माहीत असेल की ३१ मार्चच्या रात्री व्याजाचा आकडा अमुकच पद्धतीने का राउंड करतात आणि तसं न केल्यास कुठल्या खातेदाराचा फोन येतो, तर ती पेटी. कोड कोबोलमध्ये असो, जावात असो, नाहीतर मशीनने लिहिलेला असो. ही पेटी नव्या रुळावर चढते. पण करार आधी करावा लागतो. आपला रस्ता बंद झाल्याची नोटीस लागल्यावर नाही.

इथे थांबलो तर लेख मस्त गुळगुळीत होईल. पण एक खडा टोचतोच.

पेटी होती कंपनीची. ड्रायव्हरची काय होती? ठाण्यावर घोडे बदलणाऱ्याची? कंपनी एक तृतीयांश हिस्सा देऊन रेल्वेत बसली. ड्रायव्हरकडे द्यायला हिस्साच नव्हता, त्याच्या हातात फक्त लगाम. 'बदल स्वीकारा' हा उपदेश ज्याच्याकडे शेअर्स आहेत त्याला करणं सोपं आहे.

आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया आठवा. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करायला सरकारला एक वर्ष दिलं. घोडे आणि त्यांच्यावर पोट असणारी माणसं यांच्या पुनर्वसनाचं धोरण आखायलाही सांगितलं. निकाल योग्यच होता असं मी मानतो. मरीन ड्राइव्हच्या डांबरावर घोडा पळवणं यात रोमँटिक काही नाही, निदान घोड्याच्या बाजूने तरी. मग मार्च २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या, जुन्या थाटाच्या व्हिक्टोरिया आल्या. म्हणजे बघा, गाडीचा आकार नव्या युगात पोचला. घोडा सुटला. राहता राहिला तो माणूस, ज्याला फक्त घोडा हाकता येत होता. काँकर्डच्या गाड्यांना तेरा महिने मिळाले, त्याला मिळालं एक वर्ष.

म्हणून 'वरातीमागून घोडं' म्हणून हसताना मला जरा अवघड वाटतं. सिस्टीम क्लाऊडवर न्यायच्या प्रत्येक योजनेत आम्ही सर्व्हर मोजतो, डेटा मोजतो, डाऊनटाईम मिनिटांत मोजतो. जुनी सिस्टीम सांभाळणारा पंचेचाळिशीतला माणूस त्या एक्सेल शीटमध्ये कुठल्याच रकान्यात नसतो. खरं तर ते सुटे भाग त्याच्याच डोक्यात असतात. त्याला आधी सांगा, त्याला वेळ द्या, शिकायचा खर्च कंपनीने करा. हे धर्मादाय नाही. चार बंद डब्यांचं भाडं आहे ते.

आणि पोकळी संपली तरी गाड्या लगेच मरत नाहीत हेही खरं. रेल्वे झाल्यावर काँकर्ड कोच आडवाटांवर सरकल्या. शायेन ते डेडवुड रस्त्यावर १८७६ पासून १८८७ पर्यंत त्या धावत होत्या. त्यातलीच एक बफेलो बिलने आपल्या खेळासाठी घेतली आणि १८८७ मध्ये जहाजात घालून थेट लंडनला नेली. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला जमलेले चार देशांचे राजे तिच्यात बसून फिरले असं सांगतात. ऑस्ट्रेलियात कॉब अँड कंपनीची शेवटची घोडागाडी क्वीन्सलंडमध्ये धावली ती १४ ऑगस्ट १९२४ ला. प्रॉमॉन्टरीनंतर पंचावन्न वर्षांनी!

तेव्हा कुणी तुमच्या जुन्या टेक्नॉलॉजीला हसलं तर एवढंच विचारा, पोकळी अजून किती मैलांची आहे? नक्की आकडा बहुतेक कुणालाच सांगता येत नाही. तोवर गाडी चालवावी, पट्ट्यांना तेल लावावं आणि पायाखालच्या पेटीवर लक्ष ठेवावं.

असो. शनिवार संपला, आता उद्या झोप.